चाक आणि कणीस

दिव्याची काजळी, बाळंतिणीच्या दुधात खललेली.

बार्शीच्या वाटेवर कुरकुरणारी, वंगण संपलेली एक बैलगाडी.

बिब्बा. तापवला की काळं तेल सुटतं. कातडीवर पडलं तर फोड येतात.

एक बाई दुसरीला विचारते, "वेणी घालू का तुजी?"

मानमोडीचा ताप. नेकनूरला एका आठवड्यात एकोणीस चिता.

मित्रांनो, हे सगळे तुकडे मला टोचलेले आहेत. मी एक जुनी सुई आहे. खरं तर आम्ही तिघी आहोत. छबुबाईने बीडच्या बाजारात मणी-सुया विकणाऱ्या एका मणेऱ्याच्या पेटीतून आम्हाला घेतलं, दोऱ्याने एकत्र आवळून बांधलं, आणि तेव्हापासून आम्ही एकच झालो. छबुबाई गोंदणारीण होती. गावोगाव फिरायची, गावाबाहेर पाल ठोकायची.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. लिहिता-वाचता येणारी बाई शोधून सापडत नसे. नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही आणि लिहायला तर येत नाही, म्हणून बाया त्याची एखादी खूण हातावर गोंदून घेत. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं देवापर्यंत सोबत जातं, अशी त्यांची समजूत होती. त्यामुळे माझा मान मोठा. विंचू, तुळस, पाळणा, मोर, काय काय काढलं मी. काम झालं की मला हळदकुंकू लावत. ते कौतुकाचे दिवस मी लांबवणार नाही. मला एकाच हाताबद्दल सांगायचं आहे.

तो हात बायनाबाईचा. नेकनूरच्या शहादेवची ती बायको, वय बावीस-तेवीस. शहादेव गाडीवान होता, बार्शीच्या पेठेला कापूस न्यायचा. म्हणून त्याची खूण म्हणून तिने चाक मागितलं.

"अन वर जोंधळ्याचं कणीस काढ," ती म्हणाली.

"कणीस कुणाचं?" छबुबाईने विचारलं.

"सरूचं."

सरू म्हणजे सरस्वतीबाई. त्याच गल्लीत राहायची, नवऱ्याने टाकलेली. खुरपायला दोघी एकाच रानात जात. बायनाचा हात बारीक आणि जागा थोडी, म्हणून छबुबाईने कणसाचा दांडा चाकाच्या माथ्यातूनच वर नेला. चाक कुठे संपतं आणि कणीस कुठे सुरू होतं, ते मलाही सांगता आलं नसतं.

सुईला एक गोष्ट कळते, मित्रांनो. कातडीखाली रक्त कसं धावतं, ती. चाक काढताना बायनाचं रक्त जसं धावत होतं, तसंच ते कणीस काढतानाही धावलं. तिच्या मनाचं याहून जास्त मला काही ठाऊक नाही.

चार वर्षं त्या गोंदणाबद्दल कोणी काही विचारलं नाही. नक्षी म्हणून बघायचे आणि पुढे जायचे.

मग मानमोडीची साथ आली. शहादेव तीन दिवसांत गेला. बायना भिंतीला टेकून बसली, ती चौथ्या दिवशीही तिथेच होती. गल्लीतल्या बायांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. गोंदण तेवढं राहिलं. तिची चुलतसासू त्यावरून बोट फिरवत म्हणाली,

"हे चाक आमच्या शहादेवाचं. अन हे कणीस गं?"

"सरूचं."

"मैतरणीचं व्हय."

"न्हाई. त्यांच्यावानीच."

नुसतं 'व्हय' म्हणाली असती तर मी आज तुम्हाला दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगत बसले असते. पण बाई दुःखात होती आणि खोटं बोलायचं तिला सुचलं नाही.

महिन्याभरात गावात दोन तट पडले. एक म्हणायचा, नवऱ्यावर हिचा जीव नव्हताच, संसार केला तो वरवरचा. दुसरा म्हणायचा, तसं न्हाई बे, लेकरूबाळ झालं न्हाई म्हणून मैतरणीत मन रमवलं, उतरंल खूळ. दुसऱ्या तटातले लोक स्वतःला भले समजत. दोन्ही तटांना बायना पुरती कळली होती आणि दोघांच्याही मते तिच्या हातावरची एक खूण खोटी होती. भांडण होतं ते कोणती, एवढ्याचं. पाणवठ्यावर बाया तिला दुतोंडी म्हणू लागल्या. पारावर कोणी म्हणालं, "चाक एकाच्या गाडीचं, कणीस दुसरीच्या रानाचं. जत्रंत तिकीट लावून दाखवा हिला." लोक हसले.

शहादेवचा चुलता तात्याबा. घरात त्याचा शब्द चालायचा आणि चावडीवरही. त्याने बायनाला चावडीवर बोलावलं. छबुबाईचं पाल तेव्हा गावाबाहेरच होतं, तिलाही बोलावलं. मी तिच्या कमरेच्या पिशवीत होते.

"दोन्हीतलं खरं कंचं, तेवढं सांग," तात्याबा म्हणाला.

"दोन्ही," बायना म्हणाली.

"दोन्ही कसं असंल? जीव एकच हाय ना तुला?"

"एकच हाय. त्योच लावला दोघांना."

"शहादेवाला ठाऊक होतं हे?"

"व्हतं."

"मेल्यालं माणूस साक्षीला येत न्हाई, म्हणून बोलतीस." तो छबुबाईकडे वळला. "तू गोंदलंस. तुला काय ठाऊक हाय?"

छबुबाईचं पाल तात्याबाच्याच पडीक रानात होतं. ती खाली बघून म्हणाली, "मला काय ठाऊक, मालक. मी सुई धरते."

फैसला झाला. एक खूण निघेल. चाक ठेवलं तर बायना शहादेवची बायको म्हणून घरात राहील. कणीस ठेवलं तर घर सोडायचं, शहादेवचं नाव लावायचं नाही, त्याच्या वर्षश्राद्धाला पाऊल ठेवायचं नाही. परवापर्यंत मुदत.

बायना तिथून उठून सरूच्या दाराशी गेली. तिथे मी नव्हते. पुढे तिनेच हे छबुबाईला सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

"चाक काढून टाक," सरू म्हणाली. "आपून नांदूरघाटला जाऊ, माझ्या भावाकडं. दोघी राबू, दोघी खाऊ."

"येते की. पर चाक कावून काढू?"

"मग मी कोण हाय? त्यो गेल्यावर रिकामी झालेली जागा?"

"त्यो होता तवाबी तू होतीस, सरू."

"तेच मला सोसत न्हाई," सरू म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सरू बोचकं घेऊन एकटीच नांदूरघाटला गेली. गावाने निवड मागितली, ते बायनाने सहन केलं होतं. सरूनेही तीच मागितली.

मुदत संपली तरी बायनाने एकही खूण निवडली नाही. तेव्हा तात्याबानेच निवडलं. कणीस काढा म्हणाला. छबुबाईने बिब्बा तापवला, मला त्या तेलात बुडवलं आणि कणसावर टोचायला लागली. मित्रांनो, ज्या हाताने मला कुंकू लावलं होतं, त्याच हातात मी शिरत होते. मी बोथट होऊ शकले असते. झाले नाही. छबुबाई मला नेहमी धारदार ठेवायची.

कणसाचा दांडा चाकातूनच निघाला होता, हे मी सांगितलं आहे. फोड आले, ते चिघळले, खाली उतरले. पंधरा दिवसांनी हातावर कणीस नव्हतं आणि चाकही नव्हतं. मनगटापासून कोपरापर्यंत नुसता वण. तात्याबाने तो हात बघितला आणि म्हणाला, "आता तर शहादेवाची खूणबी न्हाई. मग ही आमची कोण?"

वर्षश्राद्धाच्या दिवशी बायनाला उंबऱ्यावरच थांबवलं. ती तशीच मांजरसुंब्याकडे चालत गेली. सडकेच्या कामावर खडी फोडायला राहिली.

सात-आठ वर्षांनी छबुबाईचं पाल तिकडे पडलं, तेव्हा ती आली.

"पुन्हा काढ. दोन्ही."

छबुबाईने वणावरून अंगठा फिरवला. "जळल्या कातडीत काजळ धरत न्हाई, बाई."

तरी तिने मला लावून बघितलं. रक्त आलं, रंग धरला नाही.

"त्या दिवशी चावडीवर बोलली कावून न्हाईस?" बायनाने विचारलं.

"पाल उठवलं असतं त्यानं."

"मग न्हाई उठवलं?"

"उठवलं. पुढल्याच साली."

छबुबाईने वणावरचं रक्त पुसलं. मग बायना म्हणाली, "भाकर हाय का?" छबुबाईने भाकर दिली, वर मिरचीचा ठेचा दिला. ती खाऊन बायना कामावर गेली. पुन्हा ती मला दिसली नाही.

आता मी छबुबाईच्या पणतीच्या घरी एका पत्र्याच्या डबीत आहे. गंजले आहे. मशीनने गोंदतात म्हणे हल्ली. आणि बायनासारख्या माणसांसाठी शब्दही आहे म्हणे, उभयलैंगिक. जरा लांब आहे, पण आहे. तो त्या काळी असता तर बायनाचा हात वाचला असता का? मला तसं वाटत नाही. तात्याबाने तो शब्दही चावडीवर मांडला असता आणि विचारलं असतं, यातलं खरं कंचं. आजही असं विचारणारे आहेत, दोन्ही तटांचे, आणि त्यांतले कित्येक भले आहेत.

माझी एक विनंती आहे, मित्रांनो. मला तेल लावू नका, माझी काळजी घेऊ नका. कोणी स्वतःबद्दल दोन गोष्टी सांगितल्या तर दोन्ही ऐका, त्यातली एक पुसायला बसू नका. आणि कोणाचं खरं तुम्हाला ठाऊक असेल, तर ते विचारल्यावर तरी बोला. मला कोणी विचारलं नव्हतं. छबुबाईला विचारलं होतं.

गोंदलं त्या दुपारी बायनाचा हात शहादेवने धरला होता. कणसाचे दाणे विरळ आले, तेव्हा "सरूचं हाय, भरलेलं काढ," असं त्यानेच छबुबाईला सांगितलं होतं.