शेपटीपाशी उभा माणूस

“मारलं बे! भैयाजीच्या मायले मारलं त्यानं!”

ही आरोळी कुणी ठोकली ते मला आजही सांगता येणार नाही. पण ती उठली आणि बांबूचं कुंपण कडाकड मोडून पन्नास-साठ माणसं वावरात घुसली. मी तेव्हा इंधनाच्या बॅरलपाशी उभा होतो आणि मी सगळं पाहिलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी काय बोललो ते ऐकून तुम्हाला माझा राग येईल. आला तर येऊ द्या. मला स्वतःला रोज येतो.

जंगू मडावीला त्यांनी पहिल्याच धक्क्यात पाडलं. कुंपणाचेच बांबू उपसले आणि त्याच बांबूंनी हाणायला सुरुवात केली. पाठीवर, मांड्यांवर, मानेवर. तो कुशीवर वळून डोकं झाकायला गेला, तेव्हा एकानं बुटाची टाच त्याच्या उजव्या पंजावर ठेवून सगळा भार दिला. बोटं मोडल्याचा आवाज मला वीस पावलांवर ऐकू आला.

आता आधी काय झालं ते सांगतो.

मी कैलास. पिपरी मेघेत राहतो, माझी पिकअप आहे. निवडणुकीच्या दिवसांत हेलिकॉप्टर जिथं उतरणार असेल तिथं बॅरल घेऊन जायचं, हे माझं काम. जंगूभाऊ माझ्यासोबत. वावरात पाणी मारून धूळ बसवायची, चुन्यानं गोल आणि त्यात इंग्रजी एच काढायचा, हेलिकॉप्टर उतरलं की चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे, इंधन काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरायचं, पाण्याचा थेंब दिसला तर बॅरल परत, हे सगळं त्याचं. सात वर्षं तो माझ्या शेजारच्या सीटवर बसत आला. खिडकीला डोकं टेकवायचा, समुद्रपूर येईपर्यंत घोरायचा, आणि मी त्याला शिव्या घालायचो. “जंगूभाऊ, तुह्या घोरण्यानं माहं इंजिन आयकू येऊन नाई राह्यलं,” म्हणायचो. तो डोळे न उघडता हसायचा.

त्याचं सगळ्यात मोठं काम मात्र उभं राहण्याचं. पंखे फिरत असेपर्यंत शेपटीजवळ कुणी फिरकू नये म्हणून उभं राहायचं. हेलिकॉप्टरच्या वरच्या मोठ्या पंख्याला लोक घाबरतात, उगाच कंबरेतून वाकून पळतात. माणूस मारतो तो मागचा. शेपटीच्या टोकाला, उभा, बारका पंखा. एकदा वेगानं फिरायला लागला की तो दिसतच नाही. तिथं नुसती हवा आहे असं वाटतं आणि माणूस खुशाल चालत जातो.

जंगूभाऊनं असा एक माणूस जाताना पाहिला होता. दुसऱ्या राज्यात, एका छोट्या धावपट्टीवर तो पूर्वी कामाला होता. तिथं प्रभाकरराव म्हणून इंजिनियर साहेब होते. सुरू असलेल्या छोट्या विमानापुढून कागद वाचत निघाले, थेट पंख्याच्या दिशेनं. जंगूभाऊ त्यांच्यापासून चार हातांवर होता.

“मी म्हनलं, साहेब. मंग म्हनलं, साहेब, ओ साहेब. तीनदा म्हनलं,” त्यानं मला एकदाच सांगितलं होतं, आर्वीच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीवर. “चार हात, कैलास. कॉलर धरली असती त वाचले असते. पन साहेबाच्या कॉलरले मी गोंडाचा मानूस हात कसा लावू? हात जोडूनच उभा राह्यलो. मंग ते धुवाचं काम बी माह्याकडंच आलं.”

त्यानंतर तो चहा न पिताच उठला होता.

त्या दिवशी आम्ही गिरडजवळच्या वावरात होतो. सोयाबीन निघून गेलेलं, समोर टेकडीवरचा दर्गा. गर्दीसाठी पुढच्या बाजूला बांबूचं कुंपण, मागे नुसता दोर. पक्षाचे मोठे साहेब सभेला येणार होते आणि परत जाताना आमच्या भागाच्या उमेदवाराला, भैयाजींना, सोबत घेऊन पुढच्या गावी उडणार होते. भैयाजी म्हणजे इथले राजेच. आणि त्यांच्या आई मनकर्णाबाई, सत्तरी ओलांडलेल्या, सकाळीच हातात ताट घेऊन हजर. हळद-कुंकू, नारळ, दिवा, लिंबू. त्यांच्या घरी ट्रॅक्टर येवो की मळणी यंत्र येवो, म्हाताऱ्या बाई त्याला आधी प्रदक्षिणा घालणार, मग नारळ फुटणार, मग कुणीतरी त्यावर चढणार. ही त्या घराची रीतच.

“माहा पोरगा पैल्यांदा इमानात बसून राह्यला,” त्या म्हणाल्या. “पाच फेरे घातल्याबिगर मी बसू देत नाई.”

“घाला न, आजी,” जंगूभाऊ म्हणाला. “पन पंखे थांबू द्या. थांबले का मी सोता बलावतो तुमाले. तोवर हे दोर वलांडू नोका.”

“बरं बापा,” म्हणाल्या. आणि विसरल्या. की त्यांना वाटलं, आपल्याला कोण अडवतं? कुणीच अडवलं नाही. हेलिकॉप्टर उतरलं, साहेब खाली आले, सगळी गर्दी त्यांच्याकडे पळाली, आणि मागच्या बाजूला उभ्या असलेल्या पोलिसानं उमेदवाराच्या आईसाठी दोर स्वतःच्या हातानं वर धरला. वर सलामही ठोकला, गाढवानं! इंजिन अजून पुरतं बंद झालं नव्हतं. पंखे फिरत होते.

जंगूभाऊ पुढच्या चाकाला ठोकळा लावायला वाकलेला होता. दुसरा त्याच्या हातात होता. मान वर केली तेव्हा मनकर्णाबाई निम्म्या वाटेवर होत्या. दिवा विझू नये म्हणून पदर ताटावर धरलेला, मान खाली, आणि फेरा मोठा पडू नये म्हणून शेपटीला अगदी लागून चाललेल्या. तो ओरडला. त्या आवाजात मला त्याचं फक्त उघडं तोंड दिसलं. धावून पोहोचता आलं नसतं.

त्यानं ठोकळा फेकला. तीन किलोचं लाकूड, पिवळ्या रंगाचं, दोरीसकट. ते सरळ म्हाताऱ्या बाईच्या नडगीवर बसलं. त्या आडव्या पडल्या, ताट उडालं, नारळ घरंगळत गेला. पंखा त्यांच्यापासून दोन हातही नव्हता. आणि त्या उठायला लागल्या! ताटाकडे हात करून गुडघ्यावर आल्या. तेवढ्यात जंगूभाऊ पोहोचला, त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना ढेकळांतून फरफटत दहा पावलं ओढत नेलं.

लोकांनी मागे वळून पाहिलं ते इथून पुढचं. एक काळा मजूर, भैयाजींच्या आईला वावरातून फरफटत नेतोय.

मारहाण सुरू असतानाच पंखे थांबले. भैयाजी आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी जंगूभाऊला शर्टाला धरून बसतं केलं आणि दोन्ही कानशिलांवर अशा काही लगावल्या की त्याची मान लटकली.

“काऊन मारलं बे माह्या मायले? काऊन?”

“पंखा,” जंगूभाऊ म्हणाला. तोंडातून रक्त आणि दाताचा तुकडा आला. “मांगचा पंखा फिरून राह्यला होता.”

भैयाजी शेपटीकडे गेले. थांबलेला पंखा तो काय दिसणार! बारकी, पातळ पाती. त्यांनी त्यातलं एक हातानं ढकललं. ते गुपचूप फिरलं.

“ह्यानं मेली असती माही माय? ह्यानं?”

लोक हसले. खरंच हसले. मग भैयाजींची नजर माझ्यावर आली.

“तू त इथंच होता न? कैलास न तू? सांग, फिरून राह्यला होता का हा?”

जंगूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. एक डोळा मिटलेला होता, दुसऱ्यानं पाहिलं. त्या नजरेत विनंतीही नव्हती. मी सांगणारच, एवढं त्यानं गृहीत धरलं होतं. माझ्या समोर बांबू घेतलेली आठ-दहा माणसं होती. एका बांबूला रक्त लागलं होतं.

“मी बॅरलकडं पाहून राह्यलो होतो,” मी म्हणालो. “मी नाई पाह्यलं.”

त्यानंतर त्याला पुन्हा मारलं. या वेळी तो हातही वर करत नव्हता.

शेवटी पायलट बाई उतरल्या आणि लोकांना ढकलत आत घुसल्या. “छोड़ो उसको! मेरा आदमी है वो!” त्यांनी शेपटी पाहिली नव्हती, पायलटला ती दिसत नाही. पण इंजिन बंद व्हायला किती वेळ लागतो ते त्यांना माहीत होतं. त्या ओरडून सांगत होत्या, ऐकतंय कोण?

भैयाजी म्हणाले, “मायचे पाय धर. सगळ्यायसमोर माफी माग, मंग सोडतो.”

जंगूभाऊ कसाबसा उभा राहिला. “मारलं मी,” म्हणाला. “चुकून नाई मारलं. पुन्यांदा तिकडून आल्या त पुन्यांदा मारीन.”

आणखी चार बांबू बसले. मग सभेची वेळ झाली म्हणून ते थांबले.

मनकर्णाबाईंचं नडगीचं हाड मोडलं होतं. सभेच्या रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरनं फळी बांधली, सेवाग्रामला चला म्हणाला. म्हाताऱ्या बाई ऐकेनात. पोरगा उडाल्याशिवाय हलणार नाही! मग त्यांना वावराच्या मागच्या कडेला बाभळीखाली खुर्चीत बसवलं. तिथून हेलिकॉप्टरची शेपटी समोर येत होती.

सभा आटोपली. साहेब येऊन बसले, भैयाजी बसले. पायलट बाई बसेनात.

“मेरी टेल पे जंगू खड़ा रहेगा. नहीं तो मैं स्टार्ट नहीं करूँगी.”

“ह्याले उभा करा न,” कुणीतरी मला पुढे ढकललं.

बाईंनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. “तूने सुबह देखा था?”

“नाही,” मी म्हणालो. दुसऱ्यांदा.

“फिर अब क्या देखेगा?”

जंगूभाऊ पिकअपच्या चाकाला टेकून बसला होता. तो उठला. मोडलेला पंजा दुपट्ट्यात गुंडाळून छातीशी धरलेला. चाकांचे ठोकळे काढले, त्यातला एक डाव्या हातात घेतला आणि जाऊन शेपटीपासून आठ पावलांवर उभा राहिला. ज्यांनी त्याला मारलं होतं ती माणसं दोराच्या पलीकडे, त्याच्या पाठीमागे. त्यानं वळूनही पाहिलं नाही. त्याच्या मानेवरचे वळ मला दिसत होते. मला त्या दिवशी सगळंच नीट दिसत होतं, काय उपयोग!

इंजिन सुरू झालं. पंख्यांनी वेग घेतला. मागचा पंखा दिसायचा बंद झाला. आणि तेवढ्यात दार उघडून भैयाजी खाली उडी मारून उतरले. आईच्या पाया पडायचं राहून गेलं होतं. साहेबांसमोर, लोकांसमोर, पहिल्यांदा आकाशात जाताना, आईच्या पायावर डोकं ठेवलं नव्हतं! समोर बाभळीखाली त्यांना आई दिसली आणि ते नाकासमोर निघाले. मधे शेपटी होती.

जंगूभाऊ ओरडला नाही. दोन पावलं पुढे आला आणि ठोकळा डाव्या हातानं खांद्याच्या वर उचलला.

भैयाजी थबकले. दोघं एकमेकांकडे पाहत उभे राहिले. भैयाजींना पंखा दिसला नव्हता, तो दिसतच नाही. त्यांना तो हात दिसला. हा माणूस खरंच मारतो, हे त्यांना सकाळीच कळलं होतं, म्हणून ते थांबले. मग रागानं लाल होऊन मागे फिरले, पुढच्या बाजूनं लांबचा वळसा घालून आईकडे आले, पाया पडले, आणि त्याच वाटेनं परत गेले. हेलिकॉप्टर उडालं. धुळीत सगळे डोळे चोळत राहिले.

मनकर्णाबाईंनी बाभळीखालून हे सगळं पाहिलं होतं. त्यांनी मला हात करून बोलावलं.

“सकाळी मांगचा पंखा फिरून राह्यला होता का रे?”

मी दोरापलीकडच्या माणसांकडे पाहिलं. मग त्यांच्या फळी बांधलेल्या पायाकडे.

“हाव, आजी. फिरून राह्यला होता. तुमी दोन हातावर होत्या.”

“मंग तवा काऊन नाई बोलला?”

त्यांनी तोंड फिरवलं. मग रुग्णवाहिकेवाल्याला म्हणाल्या, “त्या मानसाले बी घ्या संगं. त्याचा हात पाहा.”

जंगूभाऊनं नुसती मान हलवली. “माहं काम व्हायचं आहे,” म्हणाला. बाईंना घेऊन रुग्णवाहिका गेली, माणसं पांगली, आणि तो चुन्याच्या गोलातले ठोकळे एकेक करून डाव्या हातानं उचलायला लागला. मी धावत जाऊन शेवटचा ठोकळा उचलला आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला नाही. मी खाली ठेवला, तेव्हा वाकून उचलला.

“जंगूभाऊ, चाल. सेवाग्रामले नेतो तुले. दवाखान्यात.”

तो हो म्हणाला. ठोकळे पिकअपमध्ये टाकले, एका हातानं कडेला धरून, कण्हत, मागच्या बाजूनं वर चढला आणि रिकाम्या बॅरलच्या मधे बसला. मी पुढचं दार उघडून उभा होतो.

वाटेत मी दोनदा गाडी थांबवली. “पुढं येजो न भाऊ, मागं लय दचके बसतात,” म्हणालो. दोन्ही वेळा तो म्हणाला, “चाल तू.” सेवाग्रामपर्यंत माझ्या शेजारची सीट रिकामी होती, आणि मागून बॅरलचा आवाज येत राहिला.