व्हिएन्नातलं स्टूल

व्हिएन्नाची आमची मराठी पुस्तिका मी लिहिलेली आहे. मी व्हिएन्नाला गेलेलो नाही. पश्चिमेला सगळ्यात लांब मी वसईपर्यंत गेलोय, चुलतभावाच्या साखरपुड्याला, आणि तोही पुढे मोडला.

आमची टूर कंपनी वागळे इस्टेटमध्ये, एका पत्र्याच्या वर्कशॉपच्या माळ्यावर आहे. खाली पत्रा कापतात, वर आम्ही स्वित्झर्लंड विकतो. 'वीकएंडला व्हिएन्ना : कला आणि खरेदी' या पुस्तिकेत चित्रं कुठे बघायची आणि बूट कुठे घ्यायचे हे सगळं मी इंटरनेटवरून उतरवलं. मग आमचे मालक साईनाथ सर म्हणाले, "नयन, माहिती झक्कास आहे. पण यात माणूस दिसत नाही रे. एखादा माणूस टाक."

त्या दिवशी माझा वाढदिवस होता आणि तोवर फक्त बँकेने शुभेच्छा दिलेल्या. मी माणूस टाकला. पान चार :

'म्युझियमच्या मागच्या गल्लीत एक आजी हाताने विणलेले रुमाल विकतात. कुणी एकटं आलं तर त्याला बसायला स्टूल देतात. काही घ्याच, असा आग्रह करत नाहीत.'

सर म्हणाले, आता जिवंत वाटतंय.

पुस्तिकेच्या मागे मदतीचा नंबर आहे. शनिवारी तो फोन माझ्याकडे असतो. ज्याची घरी कोणी वाट बघत नाही त्याने शनिवारी थांबायचं, असा काही नियम नाही. पण इतरांना शनिवारी कामं असतात आणि मला टिटवाळ्याचा फ्लॅट असतो. नवीन बिल्डिंग आहे. माझ्या मजल्यावर मी आणि लिफ्ट.

तर त्या शनिवारी, डबा खाऊन झाल्यावर, फोन वाजला.

"पुस्तिकावाले का? मी रंभा बोलतंय. डोंबिवलीची. आता व्हिएन्नाला हाय."

"बोला मावशी. काय मदत करू?"

"गणू न् सूनबाई बूट घ्यायला गावाबाहेर गेली. मना बोलली, तू चालून दमशील, हाटेलात बस. मी नाय बसली. ती स्टूलवाली बाई कुठं भेटंल सांग."

मी पाणी प्यायलो.

"मावशी, आधी म्युझियम बघा ना. पान दोन."

"म्युझियम नंतर. मी घरी ते पान चार किती वेला वाचलं. गणूनं इचारलं, आई, पॅरिस का व्हिएन्ना? मी बोलली, व्हिएन्ना. तिकडं बसायला मिलतं."

म्हणजे एक बाई माझ्या परिच्छेदावर विश्वास ठेवून समुद्र ओलांडून गेलेली. माझ्या शब्दावर आजवर रिक्षावालाही वळलेला नाही.

"ती दुपारनंतर येते," मी म्हणालो. तिकडे अजून सकाळच होती. "तोवर म्युझियम." दुपारपर्यंत काहीतरी सुचेल असं मला वाटलं. मला दुपारपर्यंत काही सुचत नाही, हा अनुभव होता, पण तेव्हा आठवला नाही.

ती आत गेली. फोन चालूच होता; तिकीट काढताना तिने खिडकीतल्या माणसाला मराठीत विचारलं आणि त्याने तिकीट दिलं. मग बराच वेळ नुसते बुटांचे आवाज. मग ती हळू आवाजात म्हणाली, "अरे, हितं लगीन चाललंय."

"खरं?"

"चित्रात. जुनं हाय. पंगत बसलीय. दोघं जण घराचा दरवाजा काढून त्यावर पेजेच्या वाट्या घेऊन आलीत."

"ट्रे नसेल."

"दरवाजा उचलणाऱ्याकडं पाय एक जास्त दिसतंय."

"नीट बघा."

"बघितलं. जास्तच हाय. असूं दे, वजन असंल." मग ती म्हणाली, "नवरी बघ कशी बसलीय. हात जोडून, डोले खाली. सगली जेवतात, तिच्याकडं कोणी बघत नाय."

"आणि नवरदेव?"

"दिसत नाय. गाडी लावायला गेला असंल."

मी हसलो. माळ्यावर माझं हसणं घुमलं, तेव्हा कळलं की बराच वेळ खालचं मशीनही बंद आहे.

"गणूच्या हलदीला अख्खा गाव जेवला," ती म्हणाली. "डीजे होता. मी अशीच बसली होती, खुर्चीवर. ह्यांना जाऊन वरीस झालेलं. येतंय तो पाया पडतंय न् जेवायला जातंय. माझ्या बाजूची खुर्ची रिकामी बघून कोणी तरी उचलून नेली. पंगतीत कमी पडत होती."

मी पुस्तिकेचं पान चार उघडलं.

"चल," ती म्हणाली. "झाली दुपार. गल्ली सांग. त्या बाईसाठी मी रुमाल विणून आणलंय. पिशवीभर. तिच्या टोपलीत भर. रिकाम्या हातानं कोणाकडं कशी जाऊ?"

ते 'पिशवीभर' ऐकल्यावर मला पुढे ढकलता येईना.

"मावशी, ती बाई नाहीये."

"सुट्टीवर हाय?"

"नाही. मुळातच नाहीये. मी लिहिली. मनाने."

पलीकडे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मंग स्टूल?"

"स्टूलही नाही."

"गल्ली?"

"गल्ली असणार. प्रत्येक म्युझियमच्या मागे काहीतरी असतंच."

फोन कट झाला. मी तक्रारीचा मेल लिहून ठेवला, तिच्या वतीने, माझ्याविरुद्ध. विषयाच्या रकान्यात 'नसलेली आजी' असं लिहिलं. सोमवारी सरांना तो कसा द्यायचा याचा सराव करत होतो, तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला.

फोन समोर कठड्याला टेकवून रंभामावशी एका गल्लीत बसलेली. नऊवारी, स्वेटर, स्पोर्ट शूज. मांडीवर रुमालांची पिशवी. खाली घडीचं स्टूल.

"हे कुठून आणलंत?"

"म्युझियमवाल्यांनी दिलं. चित्रासमोर बसायला देतात. पाय दुखतात, खुणेनं सांगितलं."

"मावशी, ते आतच वापरायचं असतं."

"सांच्याला देईन परत. चोर हाय का मी?"

"पण बाहेर का बसलात?"

"तू लिवलंस ना. कोणी तरी एकटं वाचून येल, तवा बाई नको हितं?"

मी म्हणणार होतो की ती पुस्तिका मराठीत आहे, तिथे ती वाचून कोण येणार. तेवढ्यात एक उंच म्हातारा कुत्र्यासकट तिच्यासमोर थांबला. रुमालांकडे बघू लागला. मावशी उठली, स्टूल त्याच्याकडे सरकवलं आणि हाताने बसायची खूण केली. तो बसला. कुत्राही बसला. ती उभी, तो बसलेला, मी फोनमध्ये. थोड्या वेळाने त्याने पाकीट काढलं. तिने नको म्हणून मान हलवली आणि एक रुमाल त्याच्या हातात ठेवला.

"आग्रह नाय करायचा ना?" तिने मला विचारलं.

"नाही."

"बरोबर करतंय ना मी?"

"लिहिलंय तसंच."

मला तिला विचारायचं होतं, डोंबिवलीत कुठे राहता. टिटवाळ्याला जाताना वाटेतच आहे, कधी आलो तर चालेल का. हे वाक्य मी मनात दोनदा नीट लावलं.

"मावशी, तुम्ही डोंबिवलीत..."

"ठेव आता पोरा. मागं अजून एक बाई हुबी हाय. एकटीच दिसतंय."

तिने फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत तो परत वाजला नाही. तक्रारीचा मेल मी डिलीट केला. पान चार आता खरं होतं. तक्रार राहिलीच नव्हती.

निघताना झेरॉक्स मशीनखालचं आमचं स्टूल मी खाली नेलं आणि गेटबाहेर फुटपाथवर ठेवलं. बाजूला मी उभा राहिलो. शनिवारची वागळे इस्टेट, सगळी शटर्स खाली. बऱ्याच वेळाने एक स्कूटरवाला थांबला.

"केवढ्याला?"

"विकायचं नाहीये. बसायला आहे. बसा ना."

त्याने स्टूलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बसायला टाइम कोणाला आहे," तो म्हणाला, आणि स्कूटर सुरू केली. "विकायचं नाही तर बाहेर कशाला ठेवलंय?"