मनगटावरची पट्टी

शनिवारी सकाळी सात वाजता डेल कोव्हार शाळेच्या मैदानाशेजारच्या खोलीत येऊन बसला, तेव्हाच त्याचं डोकं तापलेलं होतं. आदल्या दिवशी वेंडले हायस्कूल अमेरिकन फुटबॉलची सलग पाचवी मॅच हरलं होतं, एकतीस-तीन, आणि तीही घरच्या मैदानावर. टेक्ससच्या या गावात शुक्रवारी हरलं की शनिवारी तोंड दाखवायची सोय राहत नाही. पेट्रोल भरताना पंपावरची बाई म्हणालीच, "कोच, पुढच्या वेळी पोराच्या हाताला डिंक लावून पाठवा." डेलला हसू आलं नाही.

सहायक कोच म्हणून संघाची चढाई बसवायचं काम डेलचं. आणि चढाई चालते क्वार्टरबॅकच्या जिवावर, कारण बॉल पहिल्यांदा त्याच्या हातात येतो आणि फेकायचाही त्यानेच. वेंडलेचा क्वार्टरबॅक होता कोल्बी रिंगल, बारावीतला. गेल्या वर्षी याच पोराने गावाला नाचवलं होतं. यंदा काय भानामती झाली कोण जाणे. फेकायला हात उचलला की समोरचे आधीच वाटेत उभे. डेलने त्याचे पाय बदलले, बॉल धरायची पद्धत बदलली, पुढे एक दांडगा गडी जास्त उभा केला, डोळेसुद्धा तपासून आणले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

साडेसातला मुख्य कोच हॉलिस प्रूइट आले. साठीचे, तोंडात सूर्यफुलाच्या बिया, हातात टरफलं थुंकायचा कागदी पेला, काखेत कोलाच्यांचा, म्हणजे जर्दाळू भरलेल्या गोड पावांचा खोका. बेकरीवाल्याने आज गरम दिले नव्हते. हा निकाल त्यांनी बसायच्या आधी जाहीर केला.

"दहाला कोल्बीला बोलावलंय," ते म्हणाले. "शुक्रवारपासून तो बाकावर. दहावीतला पोरगा खेळेल. सांगायचं तू."

"शुक्रवारी त्याला बघायला कॉलेजच्या संघाचा माणूस येतोय, कोच. एकच कॉलेज विचारतंय त्याला."

"मग काय, बाकावर बसलेला बघेल. डेल, मला काय हौस आहे? गाव माझ्या दारात उभं आहे. त्याच्या चुका दाखव मॅचच्या फिल्ममध्ये, म्हणजे आईबाप भांडायला येणार नाहीत."

मनातून डेललाही तेच वाटत होतं. पोराने त्याचं वर्ष मातीत घातलं होतं.

दर शनिवारी डेल कोच यायच्या आत फिल्म कापून ठेवायचा. खेळाडू रांगेत उभे राहतात, एकमेकांना ओरडतात, तो सगळा वेळ फुकट जातो, म्हणून बॉल हलला तिथूनच तो प्रत्येक डाव सुरू करायचा. आज कोच लवकर येऊन टपकले आणि कापाकापी राहून गेली.

"लाव तशीच," हॉलिस म्हणाले. "मला कुठे जायचंय?"

पहिला डाव. कोल्बीने बाजूला पाहिलं, मान हलवली, बॉल घेऊन धावणाऱ्याच्या पोटात दिला. दोन यार्ड पुढे. दुसराही तसाच. तिसऱ्या डावाला कोल्बीने डाव्या मनगटावरची पट्टी उघडून वाचली. समोरच्यांच्या मधल्या गड्याने, चव्वेचाळीस नंबरने, स्वतःच्या मनगटावर दोनदा चापट मारली. त्याचे साथीदार चार पावलं मागे सरकले. पास अडला.

डेलने फिल्म मागे घेतली. परत बघितली. मग पुढचा डाव, त्याच्या पुढचा. पोरगा मनगट बघतो, चव्वेचाळीस चापट मारतो, साथीदार मागे सरकतात. मनगट बघत नाही, तेव्हा सगळे पुढे दाटीने उभे. एकदाही चुकले नाहीत मेले.

डेलचा घास तोंडात तसाच राहिला. ती पट्टी त्याचीच अक्कल होती. धावायचे डाव मोजके, ते हाताच्या खुणेने सांगायचे. पासचे डाव साठ, ते कोण लक्षात ठेवणार, म्हणून त्यांना नंबर देऊन पोराच्या मनगटावर बांधायचे. उन्हाळ्यात तीन आठवडे बसून त्याने हे केलं होतं आणि स्वतःवर खूश झाला होता. पाच मॅच तो वर काचेच्या खोलीत बसून पोराला शिव्या घालत राहिला, आणि पोरगं दर वेळी मनगट बघून समोरच्यांना सांगत होतं की आता मी फेकणार.

हॉलिसनी बिया चघळायचं थांबवलं. "अरे देवा," ते हळूच म्हणाले. "डेल, हे तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं."

"हो, कोच."

"आपल्याला नाही कळलं."

"मला नाही कळलं," डेल म्हणाला. "सोमवारपासून सगळेच डाव पट्टीवर घेतो. धावायचेसुद्धा. आणि त्याला खेळू द्या. कोणाला बाकावर बसवायचंच असेल तर मी आहे."

हॉलिसनी दहावीतल्या पोराचं नाव लिहिलेला कागद चुरगळून पेल्यात टाकला.

दहाला कोल्बी आला. एक हात बरगडीवर, टोपी हातात. खुर्चीच्या कडेवर बसला. ऐकायचं ते ऐकून झाल्यासारखाच चेहरा होता. डेलने आधी चार डाव दाखवले.

"हे तुला दिसलं होतं?"

"हो, सर."

"कधीपासून?"

"दुसऱ्या मॅचपासून. सांगितलं होतं मी तुम्हाला. म्हणालो होतो, कोच, त्यांना आधीच कळतंय."

डेलला आठवलं. बसच्या दारात, सगळ्या पोरांसमोर. "मी काय म्हणालो होतो?"

कोल्बीने टोपीकडे बघितलं. "नाचता येईना, अंगण वाकडं."

तेव्हा पोरं खो खो हसली होती. नंतर कोल्बीने परत कधी तोंड उघडलं नाही. आणि अंगण खरंच वाकडं होतं. सारवलं होतं डेलनेच.

"चूक माझी होती, कोल्बी. सगळी माझी. शुक्रवारी तूच खेळणार आहेस."

"हो, सर," कोल्बी म्हणाला. वर्षभर म्हणत आला होता तसंच. उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच अडखळला.

"सर, एवढं बाबांना सांगाल? मी सांगितलं तर त्यांना बहाणा वाटेल. ते रोज जेवायच्या आधी माझ्याकडून शंभर थ्रो करून घेतात. बोलत नाहीत. नुसते मोजतात."

डेलने गाडीची किल्ली उचलली. "चल," तो म्हणाला. "तुझ्यासमोरच सांगतो."