दारात नेऊन पाहिलेलं बाळ

बाळांचं निळेपण उतरवून देणाऱ्या बाबांना या धंद्यात काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकतो. मी कापड दुकानदार. आवक-जावक कळल्याशिवाय मला कुणाची भक्तीसुद्धा समजत नाही. भांडवल म्हणाल तर भाड्याच्या दोन खोल्या, अंगणावर निळी ताडपत्री आणि माझ्याकडून रोखीने नेलेला पातळ गुलाबी कापडाचा एक ताका. आवक म्हणजे निळी पडणारी बाळं घेऊन येणारे आईबाप. असे आईबाप भाव करत नाहीत. इतकं सोपं गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात मिळालेलं नाही.

ताडपत्रीखाली सकाळपासून रांग लागायची. आत गेलेली बाई हसत-रडत बाहेर यायची. "गेलं गं निळं! या डोळ्यांनी पाहिलं!" बाळाचं तोंड मात्र पदराखाली असायचं. घरी पोचेपर्यंत ते उघडायचं नाही, अशी आज्ञा होती. घरी उघडल्यावर बाळ पुन्हा निळं दिसलं तर?

"तर समजायचं, घरात कुणीतरी शंका घेतली," बाबा सांगत.

त्यामुळे घरी निळं दिसलं तरी कुणी तोंड उघडत नसे. नवरा सासूकडे बघे, सासू सुनेकडे. पुढच्या आठवड्यात पुन्हा सगळे रांगेत.

बाबांचं एक वाक्य मात्र बिनतोड होतं. "मी इथे बसलो तेव्हापासून जन्मदोषाने बाळं दगावणं कमी झालं. जा, दवाखान्यात विचारा!" कुणीतरी खरंच विचारून आलं. खरंच कमी झालं होतं. पंचाईत तिथेच होती.

माझ्या दुकानातल्या नोकराला आम्ही मीटर म्हणतो. कापड मोजताना बोटभरही सोडत नाही. त्याला उशिरा मुलगा झाला. बाळाचे ओठ जांभळे. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हृदयात जन्मतःच दोष आहे, शस्त्रक्रिया हवी. सोमवारची तारीखही दिली. बाबा म्हणाले, "छाती उघडली की माझी कृपा वाऱ्यावर. दोन्हीतलं एक ठरव."

मीटरने ठरवलं. "शेठ, आज बाबांकडून रंग पक्का करून घेतो आणि तिकडूनच तारीख रद्द करायला जातो."

"बायको काय म्हणते?"

"ती म्हणते, काहीही करा, पण त्याला वाचवा."

त्याची थोरली बहीण गावाहून आली होती, म्हणजे बाळाची आत्या. ही बाई गिऱ्हाईक म्हणून मला चांगली ठाऊक. दहा ताके उलगडायला लावणार, मग प्रत्येक कापड उचलून दारात नेणार. "शेठ, तुमच्या दिव्याखाली काय, सगळंच छान दिसतं!" ती दिसली की मी जेवायला जायचो. त्या दिवशी जाता आलं नाही. मीटरने तिच्याबरोबर मलाही बाबांकडे नेलं.

आतल्या खोलीत खिडक्यांवर आणि दिव्यावर माझंच ते गुलाबी कापड होतं. तेव्हा आठवलं, हे कापड घेताना बाबांनी ते दारात नेलं नव्हतं. माझ्या दिव्यापुढे धरून त्याखाली स्वतःचा हात बघितला होता.

बाबांनी बाळाच्या छातीवर बोट टेकवलं. "सात जन्मांचं निळं उतरलं! नसानसांत गुलाब धावला! बघ, ताई, बघ!" हे ते प्रत्येकाला सांगत, कुणाचे सहा जन्म कधी निघाले नाहीत.

बाळ गुलाबी दिसलं. मीटरही दिसला. मला आरसा दिला असता तर मीसुद्धा बोहल्यावर चढलो असतो.

"छान आहे," आत्या म्हणाली. "जरा दारात नेऊन बघते."

"दारात नाही! आधी तोंड झाका!"

"असं म्हणणाऱ्याकडून मी रुमालसुद्धा घेत नाही, बाबा."

ती बाळासकट ताडपत्रीखाली आली. रांगेतली एक बाई ओरडली, "अगं बाई, परत निळा! घेतलीस ना शंका!"

"माझं राहू दे. तुझा हा थोरला बघ, चांगला उड्या मारतोय. त्याचे ओठ कसले दिसतात? माझे बघ. शेठचं टक्कल बघ. सगळ्यांच्याच हृदयाला भोक पडलंय का?"

बाबा तिला अडवायला दारापर्यंत आले आणि ताडपत्रीखाली सापडले. त्यांचेही ओठ जांभळे. रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

आत्या तशीच रस्त्यावर उन्हात गेली. मागून सगळी रांग गेली. उन्हात आल्याबरोबर ज्याचा त्याचा रंग ज्याला त्याला परत मिळाला. बाळाचे ओठ तेवढे जांभळेच राहिले. मग कुणी हसलं नाही.

"ताई, हा खरा रंग?" मीटरने विचारलं.

"हाच रे. चल दवाखान्यात. तारीख आहे ना अजून?"

डॉक्टरीणबाईंनी बाळाच्या पायाच्या बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजला. त्या चिमट्याला पडद्याचा रंग कळत नाही. मी त्यांना बाबांचं बिनतोड वाक्य ऐकवलं.

"कमी झालं हे खरंय," त्या म्हणाल्या. "पूर्वी जुलाब आणि न्यूमोनियानेच इतकी बाळं जायची की ही मरणं त्यात दिसायचीही नाहीत. ती कमी झाली, तेव्हा ही डोळ्यांत भरली. मग जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाला हा चिमटा लावायला लागलो. दोष लवकर सापडतो, वेळेत शस्त्रक्रिया होते. तुमचे बाबा नेमके त्याच वर्षी आले. पण यंदा आकडा पुन्हा चढतोय."

"का?"

"लोक तारखा रद्द करतात म्हणून."

आता बेरीज. बाबा त्याच आठवड्यात गेले. गल्ला घेऊन गेले, ताडपत्री ठेवून. मला ताक्याचे पैसे मिळाले होते, ते मिळालेलेच राहिले. मीटरची दक्षिणा बुडाली. त्याच्या मुलाच्या छातीवर एक उभा व्रण आहे आणि तो आता दुकानभर रांगत गिऱ्हाइकांच्या चपला पळवतो. शंका घेतली म्हणून काही त्याचा रंग उतरला नाही. शंका घेत जा. साडीसाठी दारापर्यंत जाता, लेकरासाठीही जा.

राहिली ती रांगेत ओरडलेली बाई. तिच्या कडेवर धाकटी मुलगी होती. तिला घेऊन बाई बरेच महिने बाबांकडे येत होती. दवाखान्यात पोचली तेव्हा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. मुलगी वाचली नाही.

परवा ती दुकानात आली. भाचीच्या फ्रॉकसाठी कापड हवं होतं. मी एक पुढे केलं. तिने भाव विचारला नाही. कापड उचललं, दारात गेली आणि उन्हात धरून बराच वेळ उभी राहिली.

मी घाई केली नाही.