सरव्यावरचे प्रवचन

याकोबाने बायबल मिटले, हात पुढे केला आणि आवाज चढवला.

"कापणाऱ्याने शेताचा कोपरा सोडावा, खाली पडलेला सरवा गरिबासाठी राहू द्यावा, अशी परमेश्वराची आज्ञा होती. म्हणून तर परमुलखातली विधवा रूथ बवाजाच्या शेतात कणसे वेचायला गेली."

सिंदेवाहीच्या प्रार्थनामंदिरात चटयांवर पन्नासेक माणसे बसली होती. पुढे खुर्चीवर नागपूरहून आलेले साळवे पाळक. याकोबाला उपदेशक नेमायचे की आणखी दोन वर्षे शिकायला धाडायचे, हे आज ते ठरवणार होते. अगदी मागे, दाराशी, त्याची आई भागीरथा. पहाटेच गावाहून चालत निघालेली. पायरीवर ती दिसली तेव्हा त्याने नुसती मान हलवली आणि पाळकांशी बोलत आत गेला. ही माझी आई, हे सांगायला वेळच मिळाला नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. मिशनच्या शाळेत गेल्यापासून अशा समजुती घालण्यात तो चांगलाच तरबेज झाला होता.

प्रवचन संपले. रिवाजाप्रमाणे पाळकांनी मंडळीसमोरच विचारले,

"बोललात चांगले. पण सगळे पुस्तकातले वाटले. सरवा वेचताना कुणाला पाहिलेय कधी?"

"नाही, साहेब. वाचलेय फक्त."

बोलून गेला आणि त्याच्या कानशिलांना चटका बसला.

"मग मंडळीतले कुणी सांगेल?" साळवे बायकांकडे वळले.

दुसऱ्याच्या शेतातले पडलेले धान वेचून पोट भरले, हे चारचौघांत कोण कबूल करणार? तेवढ्यात भागीरथा उठली. पदर सारखा केला.

"तुमाले मालूम नसन, गुरुजी," ती मुलाला म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच ती त्याला 'तुमी' म्हणत होती. "बांधीतलं धान कापून नेलं का मंग जावं लागते. मालकानं पाह्यलं तं शिव्या देते. पडलेली लोंबं सरली का उंदराचं बीळ पाहाचं. थो आत साठवून ठेवते. हात घालून काढाची. पन सारी नाई काढाची. एक मूठ त्याले ठेवाची."

"ती का?"

"त्याची बी लेकरं रायतेत, साहेब."

पाळकांनी विचारले,

"बाई, इथे कुणाकडे आलात?"

"कोनाकडे नाई. देवाचं आयकाले आली," असे म्हणून ती खाली बसली. याकोबाकडे तिने पाहिलेही नाही.

तिने चार शिव्या हासडल्या असत्या तरी चालले असते. ती त्याची लाज राखत होती, आणि त्यानेच त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. तो चौथऱ्यावरून उतरला. पुरुषांच्या रांगा ओलांडून बायकांच्या चटईपर्यंत गेला आणि आईशेजारी उभा राहिला. सारे माना वळवून बघू लागले.

"मोठा हात त्या बिळात जात नाई, साहेब," तो म्हणाला. शाळेतली भाषा कुठल्या कुठे गेली होती. "हे माझी माय होय. हात मी घालत होतो. अन् मी सारंच काढून घेत होतो. थे मूठ वापस ठेवाले माय लावे."