खोकणारीचं कुलूप

दोन वाजून बारा मिनिटांनी तक्रारीच्या टेबलावरचा फोन वाजला तेव्हा डिझायनर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून वहीत लिहीत होती. सकाळपासून तिला एवढंच काम होतं. बघायचं, लिहायचं, बोलायचं नाही.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीची खोली पहिल्या मजल्यावर होती. खाली सुट्या भागांचं गोदाम, आणि तिथला ग्रीसचा वास जिन्यानं वर येऊन पडद्यांत मुरलेला. टेबल वहिनींचं. त्यांचा नवरा पूर्वी इथे मेकॅनिक होता. तो नोकरी सोडून गेला, वहिनी हे नाव मात्र टेबलाला चिकटून राहिलं. अकरा मेकॅनिक, एकशे चाळीस लिफ्ट आणि सगळ्यांचा मिळून चॅटवरचा एक गट, एवढा त्यांचा संसार. दिवसाला साठ-सत्तर निरोप त्या गटात पडत.

ते चॅटचं ॲप डिझायनरच्या कंपनीचं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यातली शोधायची पट्टी तिनंच हलवली होती. आधी ती पडद्यावर सगळ्यात वर असायची. तिनं ती काढून आत नेली. आता आधी गटाच्या नावावर बोट ठेवायचं, मग जे पान उघडेल त्यातल्या चौथ्या ओळीत ‘शोधा’. त्यानंतर शोधणारे शंभरात तीन उरले आणि वरचे लोक म्हणू लागले की लोकांना शोधायचंच नसतं. तिला आता ती पट्टी पुन्हा वर आणायची होती. विषय शुक्रवारच्या बैठकीत होता, अट एकच. नऊ ठिकाणी बसून केलेल्या नऊ निखळ नोंदी हव्यात. निखळ म्हणजे बघणाऱ्यानं एका शब्दानंही मदत केलेली नको, केली तर नोंद बाद. आठ झाल्या होत्या. ही नववी. वहिनींच्या खांद्यामागे उभा केलेला छोटा कॅमेरा त्यांच्या फोनचा पडदा टिपत होता.

वहिनींनी तक्रारीचा फोन उचलला, ऐकलं आणि वहीत इमारतीचं नाव लिहिलं. “चौथा आणि पाचवा, मधोमध. आत किती जण? एकटेच? बरं. तुम्ही दाराशी बसून बोलत राहा त्यांच्याशी. माणूस जवळच आहे आमचा.”

फोन खाली ठेवता ठेवता त्यांनी दुसरा लावला. “बारक्या, खोकणारी अडकलीये. डायलिसिस करून आलेला माणूस आहे आत, चाकाच्या खुर्चीत. लिफ्टमध्ये खुर्ची एकटीच मावते म्हणून बायको जिन्यानं चढत होती.”

लिफ्टना नावं ठेवायची इथली रीत डिझायनरनं सकाळीच ऐकली होती. सुरू होताना घरघरते ती खोकणारी, दर महिन्याला बंद पडते ती माहेरवाशीण, दार दोनदा उघडल्याशिवाय निघत नाही ती लाजरी. तिनं वहीच्या समासात ‘गंमत’ असं लिहून ठेवलं होतं.

दोन सोळाला बारक्याचा फोन आला. बारक्या म्हणजे दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारा माणूस, आणि पाच मजले चढून त्याला लागलेला दम फोनमधून ऐकू येत होता.

“वहिनी, मी गच्चीवर आहे. मशीनच्या खोलीला आकड्यांचं कुलूप आहे. नंबर?”

“नंबर गटावर आहे की. काकांनी टाकला होता कुलूप बदललं तेव्हा.”

“माझा फोन मागं लिफ्टच्या खड्ड्यात पडला ना. नव्यात जुनं काही नाही. दार लोखंडी आहे, कुलूप आत बसवलंय, हातोडा मारायला जागाच नाही.”

“थांब, बघते.”

वहिनींनी आधी काकांना फोन लावला. काका म्हणजे सगळ्यात जुने मेकॅनिक. त्यांच्या मुलीनं उचलला. मोतीबिंदूसाठी बाबांना आत नेलंय, तासभर तरी लागेल, म्हणाली. वहिनींनी गटात विचारलं. एकाचं उत्तर आलं, ‘काकांना विचारा.’ बाकीच्यांचे फोन बहुधा हत्यारांच्या पिशवीत. अग्निशमनवाले दुसऱ्या कामावर होते, पाऊण तास लागेल म्हणाले.

मग वहिनींनी गट उघडला आणि अंगठ्यानं निरोप मागे ढकलायला सुरुवात केली.

डिझायनरनं वेळ लिहिली, दोन अठरा. तिचा पहिला विचार तिला नंतर नीट आठवत राहिला. तो असा होता की, हे फार उत्तम उदाहरण आहे.

वहिनींची पद्धत होती. “काकांच्या नातवाचा फोटो आला ना, त्याच्या बऱ्याच वर आहे ते,” त्या स्वतःशीच बोलत होत्या. “नातू झाला तेव्हा जळकी मोटर आली होती. जळक्या मोटरच्या आधी कुलूप.” अंगठा वर-खाली होत होता. निरोप पाण्यासारखे वाहत होते. फोटो, बिलं, ‘पोचलो’, ‘निघालो’, ‘पोचलो’. मध्येच पडदा अडायचा, गोल चक्र फिरायचं, जुने निरोप यायला वेळ लागायचा. वहिनी थांबायच्या, पदरानं पडदा पुसायच्या, जणू धुळीमुळे अडलंय.

दोन वीस. टेबलावरचा फोन पुन्हा वाजला. वहिनींनी तो स्पीकरवर टाकला आणि अंगठा चालूच ठेवला.

“ताई, माणूस आलाय पण वर जाऊन उभा आहे नुसता,” अडकलेल्या माणसाची बायको म्हणाली. आवाज शांत ठेवायचा तिचा प्रयत्न होता. “यांना साखरेचा आजार आहे. सकाळपासून पोटात काही नाही. डबा माझ्याकडे राहिला.”

“बोलतायत ना?”

“बोलतायत. पण किल्ली कुठे ठेवलीस, म्हणून विचारतायत मघापासून. किल्ली त्यांच्याच खिशात आहे.”

“बोलत राहा तुम्ही. पाच मिनिटं द्या मला.”

डिझायनरनं पेन खाली ठेवलं. गटाच्या नावावर बोट, चौथी ओळ. सांगायला चार शब्द पुरले असते. पण कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. बोलली की ही नोंद बाद, नोंद बाद की बैठक नाही, आणि बैठक नाही तर पट्टी वर्षभर आहे तिथेच राहणार. अशाच किती खोल्यांत अशीच किती माणसं अंगठा ढकलत बसणार. हिशेब बिनचूक होता. तो तिनं मनात दोनदा तपासला आणि दोन्ही वेळा बरोबर आला. तिसऱ्यांदा तपासताना तिच्या लक्षात आलं की आपण तपासतोय ते वेळ काढायला.

दोन पंचवीस. “हा घ्या नातू,” वहिनी म्हणाल्या. पण जळकी मोटर येईना. त्यांचा अंगठा घसरला, पडद्याच्या कोपऱ्यातल्या बाणाला लागला आणि गट एका क्षणात थेट आजच्या निरोपांवर येऊन पडला. सगळ्यात खाली बारक्याचा निरोप होता, ‘वहिनी???’

वहिनींनी पुन्हा पहिल्यापासून ढकलायला सुरुवात केली.

स्पीकर चालूच होता. “ताई,” बाई म्हणाली, “ते उत्तर देत नाहीयेत नीट. हं हं करतायत नुसते.”

दोन सत्तावीस.

“गटाच्या नावावर बोट ठेवा,” डिझायनर म्हणाली.

वहिनींनी मान वर केली. सकाळपासून हा कोपरा पहिल्यांदाच बोलत होता.

“वर, गटाचं नाव. दाबा. आता खाली या. चौथी ओळ.”

“शोधा,” वहिनींनी वाचलं. “हे इथे आहे?”

डिझायनर उठून टेबलाशी आली. “द्या इकडे.” तिनं फोन जवळजवळ हिसकावलाच. तक्रारीच्या वहीतलं इमारतीचं नाव बघून तिनं टाइप केलं. काही सापडलं नाही, असं पडद्यावर आलं. हे वाक्यही तिनंच बसवलेलं होतं, सौम्य करड्या अक्षरांत. तिनं रस्त्याचं नाव टाकलं. काही सापडलं नाही. नुसतं ‘कुलूप’ टाकलं तर तीनशे बारा निरोप आले. शुक्रवारी ती ज्या गोष्टीसाठी भांडणार होती, ती हातात असून रिकामी होती.

“अहो, नाव लिहितं कोण आमच्यात,” वहिनी म्हणाल्या आणि फोन परत घेतला. एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, ‘खोकणारी कुलूप’.

चार निरोप आले. तिसरा वहिनींचाच होता, ‘काका, खोकणारीचं कुलूप कळलं.’ त्यांनी त्यावर बोट ठेवलं. गट त्या दिवसावर जाऊन थांबला. उत्तराच्या वर काकांचा निरोप होता. लिहिलेला नव्हता, बोललेला होता. बावन्न सेकंद.

“काका काही थोडक्यात सांगायचे नाहीत,” वहिनी पुटपुटल्या. बारक्याला त्यांनी दुसऱ्या फोनवर घेतलं आणि दोन्ही फोन एकमेकांना लावले.

काकांचा सावकाश आवाज खोलीत आला. गच्चीवर कबुतरांनी घाण केलीये, ते इमारतवाल्यांना सांगा. चहा कुणी विचारला नाही. जुन्या कुलुपाच्या तीन किल्ल्या तिघांनी हरवल्या, नावं घेत नाही. निरोप पुढे सरकवायला जावं तर नेमका आकडा हुकायचा, म्हणून कुणीच हात लावला नाही. “तर आता आकड्यांचं बसवलंय. सात, शून्य, दोन… नाही, ते खालच्या पेटीचं. इथे चार, नऊ, एक, सहा.”

“चार नऊ एक सहा,” बारक्या म्हणाला. खुडबुड ऐकू आली. मग नुसता वारा. मग, “उघडलं.”

दोन चौतीस.

पुढचं काम हातानं करायचं होतं. मोटरचा ब्रेक सोडून चाक फिरवायचं आणि लिफ्ट बोटा-बोटानं खाली आणायची. स्पीकरवर बाई आतल्या माणसाला नावानं हाक मारत राहिली. दोन एकोणपन्नासला दार उघडल्याचा आवाज आला, खुर्चीचं चाक कुठेतरी आपटलं, आणि बाई म्हणाली, “साखर आणा कुणीतरी, साखर.” मग फोन बंद झाला.

वीस मिनिटं काहीच कळलं नाही. वहिनी दोन्ही फोनांकडे आळीपाळीनं बघत बसल्या. तीन दहाला बारक्याचा फोन आला. शेजारची नर्स धावून आली, साखरेचं पाणी दिलं, आता पडून आहेत, किल्ली खिशात सापडली म्हणाले.

वहिनींनी फोन ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “ते शोधायचं तिथे आहे, हे तुम्हाला मी ढकलायला लागले तेव्हापासून ठाऊक होतं?”

“हो.”

“मग बसून का राहिलात?”

“बघणाऱ्यानं सांगायचं नाही असा नियम आहे.”

“कुणाचा?”

“आमचाच.”

“आणि ते तिथे आत नेऊन ठेवलं कुणी?”

“मी.”

“का पण?”

“वर गर्दी वाटत होती.”

“कुणाला?” वहिनींनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरोखरच माहिती हवी असल्यासारखा तो होता. वहिनींनी तक्रारीच्या वहीत त्या ओळीपुढे ‘सुटका २.४९’ लिहिलं आणि पान उलटलं.

डिझायनर जिन्यात गेली आणि तिनं वरिष्ठांना फोन लावला. झालं ते वेळेसकट सांगितलं, आपण गप्प बसलो ती नऊ मिनिटंही सांगितली.

“म्हणजे बोललीस तू,” ते म्हणाले. “मग बाद धरावी लागेल गं. आठवर बैठक नाही होत, तुला माहितीये.”

“माहितीये.”

“दुसरी एखादी जागा बघ गुरुवारपर्यंत.”

“बघते.”

तिला वाटलं होतं, फोन ठेवल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. गुरुवारपर्यंत दुसरी खोली, दुसरं टेबल, आणि तिथेही असंच स्टूल. तिथे कुणी अडकलं तर ती किती मिनिटं गप्प बसेल, हे तिचं तिलाच सांगता येईना. ती वर आली आणि कॅमेरा उतरवायला हात लावला.

“पाचपर्यंत ठरलंय ना?” वहिनी फोनवरून नजर न उचलता म्हणाल्या. “मग बसा. चहा सांगितलाय.”

ती बसली. चार वाजायला सात मिनिटं असताना माहेरवाशीण बंद पडली. आत कुणी नव्हतं, घाई नव्हती. मेकॅनिकला मागच्या वेळचा बदललेला भाग कोणता ते हवं होतं. “थांब, बघते,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी गट उघडला आणि अंगठ्यानं निरोप मागे ढकलायला लागल्या. पोचलो, निघालो, पोचलो.

डिझायनर बघत राहिली. तिला वाटलं, आता त्यांना आठवेल. अंगठा चालतच होता.

“वहिनी,” ती म्हणाली. “गटाचं नाव.”

वहिनींचा अंगठा थांबला. “हो की. विसरले बघा.”

डिझायनरनं वही ओढली आणि शेवटच्या नोंदीखाली लिहिलं, तीन त्रेपन्न. सांगून दीड तास झाला होता. त्यापुढे तिनं, सांगणारी म्हणून स्वतःच्या नावासकट, सगळं लिहायला घेतलं. नोंद बाद होती, तरीही.