भिंतीवरचे यशस्वी

साडू हे नातं ज्याने काढलं त्याला हिशेबातलं काही कळत नसावं. दोन बहिणींचे दोन नवरे. एकमेकांशी ना रक्ताचं देणं, ना मैत्रीचं घेणं; आणि तरी जन्मभर दोघांचे ताळेबंद शेजारी शेजारी मांडून सगळं सासर ते वाचत बसतं.

या ताळेबंदात तपासनीसांचं पारडं सतरा वर्षं जड होतं. आपल्या देशात ते हिशेबतपासनीस होते, आणि नुसते नावाचे नाही. कारखान्यात ते शिरले की व्यवस्थापक खुर्चीतून उठायचे आणि गोदामवाले घाम पुसायचे. त्यांच्या सहीला असं वजन होतं, की ती मिळावी म्हणून अर्धे लोक देव पाण्यात घालून बसत आणि उरलेले ती मिळू नये म्हणून. साडू त्या काळात परदेशात टायर विकत होता. सासरे त्याची चौकशी करताना आवाज थोडा खाली आणत.

मग तपासनीसांच्या बायकोला याच परदेशातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, आणि पारडं कलायला सुरुवात झाली. कुटुंब आलं ते साडूच्याच दुकानाच्या माडीवर. खोली स्वच्छ होती, फक्त सगळ्या घराला नव्या रबराचा वास होता.

"बिनधास्त राहा," साडू म्हणाला. "तुमच्यासारख्याला नोकरीला काय तोटा? उन्हाळा संपेपर्यंत बघा. नाहीच जमलं तर खाली आपलं दुकान आहे."

इतकं बोलून तो थांबला असता तर माणूस चांगला होता. पण त्याने गल्ल्यामागच्या खुंटीवर मेकॅनिक घालतात तसला एक निळा बॉयलर सूट टांगून ठेवला. कोराकरकरीत, आणि मापाने अंगापेक्षा थोडा मोठा.

"कुणाचा?" तपासनीसांनी विचारलं.

"कुणाचा नाही. लटकवून ठेवलाय आपला. वेळ काय सांगून येते?"

तपासनीसांनी त्या दिवशी मनाशी खूणगाठ बांधली. जगात काहीही घालीन, पण साडूच्या हाताखाली तो सूट घालणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून ते मुलाखतींना जाऊ लागले. या देशातली हिशेबाची कचेरी म्हणजे काचेचं दार, कुंडीत प्लास्टिकचं झाड आणि टेबलापलीकडे आपल्या भाच्याच्या वयाचा साहेब. साहेब पदव्या बघायचा, ओठ दाबून मान हलवायचा आणि विचारायचा, "इथला अनुभव?"

"सतरा वर्षांचा अनुभव आहे."

"हो, पण तो तिकडचा."

नावे डावीकडे आणि जमा उजवीकडे, ही गोष्ट पृथ्वीच्या पाठीवर कुठेही गेलं तरी बदलत नाही. बेरीज समुद्र ओलांडताना आजारी पडत नाही. पण हे साहेबाला सांगायचं तर आधी नोकरी हवी, नोकरीला अनुभव हवा आणि अनुभवाला नोकरी हवी. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसला प्रकार. फरक एवढाच की इथे वेडं कोण, याबद्दल तपासनीसांचं मत साहेबापेक्षा वेगळं होतं.

शेवटी बायकोच्या प्रयोगशाळेतल्या कुणीतरी त्यांना 'नवागत व्यावसायिक मार्गदर्शन केंद्रा'चा पत्ता दिला. सरकारी अनुदानावर चालणारी ही संस्था परक्या पदव्यांच्या माणसांना नोकरीच्या लायकीचं करून देत असे. दारातून आत जाताच समोर भिंत होती आणि भिंतीवर हसऱ्या माणसांचे फोटो ओळीने लावले होते. प्रत्येकाखाली लिहिलेलं: अमुक देशातले बँकेचे मुख्य लेखापाल, आज इथे यशस्वी. तमुक देशातल्या करसल्लागार, आज इथे यशस्वी. आणि सगळ्यांच्या वर मोठ्या अक्षरांत, की केंद्रात आलेल्या शंभरांतल्या त्र्याण्णव जणांना काम मिळतं.

केंद्राच्या संचालिकाबाईंनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "आम्ही इथे आकडे मोजत नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही माणूस ओळखतो. माझ्याकडे आलेला एकेक चेहरा माझ्या लक्षात असतो."

पुढचे तीन आठवडे त्या त्यांना एका दंतवैद्याच्या नावाने हाक मारत होत्या.

शिक्षण मात्र जोरात सुरू झालं. पहिला तास हसण्याचा. हसताना वरचे दात दिसावेत, खालचे दिसले तर उमेदवार गरजू वाटतो. दुसरा तास हस्तांदोलनाचा. तिसरा तास लिफ्टमध्ये भेटलेल्या वरिष्ठाशी हवेबद्दल बोलण्याचा, आणि हवा वाईट असली तरी तक्रारीचा सूर न लावण्याचा. चौथ्या तासाला अर्जासोबतच्या माहितीपत्रकाची कापणी. तो तास घेणाऱ्या बाईंनी तपासनीसांची सतरा वर्षं कात्रीला लावून पाच केली.

"बाकीची बारा कुठे गेली म्हणून सांगू?" तपासनीसांनी विचारलं.

"कुणी विचारत नाही. जास्त अनुभव बघितला की मालक बिचकतात."

"आणि कमी बघितला की?"

"नाकारतात," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण न बिचकता."

ह्या बाई कुठेतरी पाहिल्यासारख्या वाटत होत्या. तपासनीसांना एक सवय होती, आणि ती अंगात मुरलेली होती: जे कागदावर लिहिलंय ते प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघायचं. गोदामात शंभर पोती आहेत असं लिहिलं असेल, तर ते जाऊन पोत्यावर हात ठेवायचे. तशी चहाच्या सुट्टीत त्यांची पावलं आपोआप भिंतीकडे वळली. कापणीच्या बाई भिंतीवर होत्या, खालच्या ओळीत. करसल्लागार, आज यशस्वी. हसण्याचे मास्तर वरच्या ओळीत होते. हस्तांदोलनवाले त्यांच्या शेजारी. लिफ्टवाले जरा तिरके लागले होते, पण होते.

हसण्याचे मास्तर चहाच्या यंत्रापाशी कागदी पेला धरून उभे होते. तासाबाहेर ते मुळीच हसत नसत.

"मास्तर, तुम्ही मुख्य लेखापाल होतात?"

"बावीस वर्षं."

"मग इथे हिशेबाचं काम का नाही धरलंत?"

"धरायला आलो होतो ना. याच वर्गात बसायचो, तुम्ही बसता त्याच खुर्चीत. मिळालं नाही. मग संचालिकाबाईंनी मला शिकवायला ठेवलं."

"नोकरी कशी मिळवायची ते शिकवायला?"

"मिळाली ना मला," मास्तर म्हणाले. "ही नोकरीच आहे."

"आणि ते त्र्याण्णव?"

"काही इथे शिकवतात. काही आमच्या दुसऱ्या शाखेत शिकवतात. एकजण खाली पार्किंग सांभाळतो, पण गाड्या मोजतो, म्हणून त्यालाही हिशेबातच धरलंय." मास्तरांनी चहा संपवला. "तुम्ही फार विचारता. बाईंच्या डोळ्यांत भराल."

आणि तसंच झालं. दुसऱ्याच दिवशी संचालिकाबाईंनी त्यांना खोलीत बोलावून घेतलं.

"तुमच्याबद्दल चांगलं ऐकलंय, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "नवा वर्ग काढतोय. 'हिशेबाच्या क्षेत्रात प्रवेश कसा करावा.' तुम्ही शिकवाल? पगार बरा आहे. टेबल स्वतंत्र."

तपासनीसांच्या डोळ्यांसमोर खुंटीवरचा निळा सूट आला. उन्हाळा संपायला फार दिवस उरले नव्हते. हो म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण सवय आडवी आली.

"माझा फोटो लावणार?"

"अर्थात."

"खाली काय लिहिणार?"

"हिशेबतपासनीस, आज इथे यशस्वी."

"पण मी तपासनीस म्हणून यशस्वी झालेलो नाही. 'आज इथे शिकवतात' असं लिहा, मी उद्यापासून येतो."

बाईंनी त्यांच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं बघितलं. "तसं एकाचं लिहिलं तर सगळ्यांचं लिहावं लागेल. मग त्र्याण्णवचं काय होईल? अनुदान कशावर मिळतं, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच सही करता येत नाही."

"सही कोण मागतंय तुमची? नुसतं हसायचंय."

वरचे दात दाखवून तपासनीस उठले, आणि वर्गात शिकवलेलं तेवढंच काय ते त्यांनी त्या देशात कधी वापरलं.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. ती दिवसभर दुसऱ्यांचं रक्त तपासून आली होती, त्यामुळे तिच्या स्वतःच्या रक्ताला लगेच उकळी फुटली नाही.

"म्हणजे नोकरी दारात आली होती," ती म्हणाली, "आणि तुम्ही तिची शिरोरेघ सरळ आहे का ते बघत बसलात."

"खोटं होतं ते."

"अहो, खोटं तर खोटं. भिंत काय तुमच्या बापाची होती?" मग थोड्या वेळाने, हळू आवाजात: "आता भाऊजींना काय सांगायचं?"

भाऊजींना सांगावं लागलं नाही. सकाळी तपासनीस खाली गेले, खुंटीवरचा सूट काढला आणि अंगावर चढवला. साडूने गल्ल्यावरून मान वर करून बघितलं. माणूस टायरचा असला तरी अगदीच रबराचा नव्हता. तो फक्त म्हणाला, "बाह्या दुमडून घ्या. ग्रीस लागतं." दुपारपर्यंत मात्र त्याने तीन नातेवाइकांना फोन केले. तिघांशीही बोलताना त्याचा आवाज थोडा खाली होता.

तपासनीसांनी पुढचे आठ महिने चाकं उतरवली, चाकं चढवली, आणि चाकाचे बोल्ट समोरासमोरचे आवळायचे असतात, शेजारचे नाही, हे ते शिकले. एकदा एका गाडीला त्यांनी चारही टायर बसवले आणि सवयीने गाडीच्या मालकाला जुने टायर एकूण किती किलोमीटर धावले ते विचारलं, कारण त्यांची झीज गाडीच्या मीटरशी जुळत नव्हती. मालक घाबरून पुन्हा आला नाही.

"साडूभाऊ, गिऱ्हाईक चोर नसतं," साडू समजावणीच्या सुरात म्हणाला. "असलं तरी टायर घेऊन जाऊ द्यावं."

अर्ज पाठवणं त्यांनी सोडलं नव्हतं. फक्त माहितीपत्रकात एक ओळ वाढवली, तीही खरं ते लिहिलं पाहिजे म्हणून, सर्वांत वर: टायरचं दुकान, साहाय्यक, आठ महिने. कापून पाच केलेली वर्षं त्यांनी खाली पूर्ववत सतरा केली.

आठवड्यात काचेच्या दाराआडून बोलावणं आलं. तेच प्लास्टिकचं झाड, तोच भाच्याच्या वयाचा साहेब. त्याने त्यांना ओळखलं नाही, पण कागद बघून खुर्चीत पुढे सरकला.

"वा. इथला अनुभव आहे की तुम्हाला. सांगा, इथलं गिऱ्हाईक कसं वाटतं?"

तपासनीसांनी गिऱ्हाइकाबद्दल सांगितलं. मग साहेबाने बोल्ट कसे आवळायचे ते विचारलं, कारण त्याच्या गाडीचं पुढचं चाक आवाज करत होतं. तेही त्यांनी सांगितलं. हिशेबाबद्दल एकही प्रश्न आला नाही.

"सोमवारपासून या," साहेब म्हणाला. "सुरुवात अर्थात साहाय्यक म्हणून."

सतरा वर्षं बँका, कारखाने तपासणारा माणूस आठ महिने चाकं फिरवून हिशेबाला लायक ठरला. साडूचा आवाज त्या दिवसापासून कायमचा चढला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगू लागला, "आमचे साडूभाऊ मोठे तपासनीस आहेत. मीच तयार केले." सासऱ्यांनी फोनवर त्याचे आभार मानले.

आणि बायकोच्या प्रयोगशाळेतून बातमी पोचल्यामुळे पंधरा दिवसांत केंद्रातून फोन आला. संचालिकाबाई स्वतः बोलत होत्या. "अभिनंदन. तीन आठवडे आमच्याकडे होतात, शेवटी फळ आलं. फोटो पाठवाल ना? भिंतीवर जागा ठेवलीय."

तपासनीसांनी नाही म्हणण्यासाठी श्वास घेतला. मग थोडा विचार केला.

"माझ्या यशाचं श्रेय माझ्या साडूचं आहे," ते म्हणाले. "इथला अनुभव त्यांनी दिला. लावायचाच तर त्यांचा फोटो लावा."

"पाठवा, पाठवा," बाई म्हणाल्या. त्या ऐकत नव्हत्या. दुसऱ्या फोनवर कुणाला तरी अभिनंदन म्हणत होत्या.

त्यांनी साडूचा फोटो पाठवला आणि खाली स्पष्ट लिहिलं: हे माझे साडू, यांचं टायरचं दुकान आहे. ते कुणी वाचलं की नाही, हे विचारण्यात अर्थ नाही. महिन्याभराने तपासनीस आणि साडू दोघे भिंत बघायला गेले. वरच्या ओळीत, हसण्याच्या मास्तरांच्या शेजारी, गल्ल्यावर कोपर टेकवलेला साडू होता. खाली लिहिलं होतं: हिशेबतपासनीस, आज इथे यशस्वी.

तेवढ्यात संचालिकाबाई आल्या, साडूचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाल्या, "एकेक चेहरा लक्षात असतो माझ्या." मग तपासनीसांकडे वळून, "आणि आपण? नवीन प्रवेश का?"

तपासनीसांनी भिंतीकडे बघितलं. नोंद चूक होती, पुरावा समोर उभा होता, आणि हात लावून खात्री करायची तर साडू हाताच्या अंतरावर होता.

"नाही," ते म्हणाले. "मी साहेबांबरोबर आलोय."

परत येताना साडूने गाडीच्या आरशात बघून केस नीट केले. मग म्हणाला, "साडूभाऊ, आपल्या सासऱ्यांना दिसेल असा त्या भिंतीचा एक फोटो काढून घ्यायला हवा होता."

"काढलाय," तपासनीस म्हणाले. "मघाशीच पाठवला."